काचेवरील कोरीव चित्रे

स्वच्छ काचेवर हिरकणीने (हिऱ्याच्या टोकदार कणीने) किंवा फिरत्या चाकाने, हाताने चित्र कोरण्याची कला. कागदावर पेन्सिल फिरली की काळे उमटते. काचेवर याच्या नेमके उलट घडते. हिरकणी लागते तिथे काच खरवडून पांढुरकी होते आणि उजेड धरते. न कोरलेली काच आरपार राहते, मागे काळोख असला की काळी दिसते. त्यामुळे चेहरा कोरताना कलावंत कपाळ आणि नाकाचा शेंडा कोरतो, डोळ्यातली बाहुली मात्र तशीच सोडून देतो. इथे कोरायचा असतो तो उजेड. चुकलेला ठिपका खोडता येत नाही.

सर्वांत नाजूक पद्धत ठिपक्यांची. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात पूर्वी स्टीलच्या ताटावर ठोकून ठोकून नाव घालत, तीच रीत, पण कितीतरी सूक्ष्म. हिरकणीचे टोक काचेवर हलकेच टेकवत किंवा छोट्या हातोडीने टिचकावत जायचे. ठिपके दाट पडले की उजेड, विरळ झाले की सावली. रेघ कुठेच नाही. फ्रान्स ग्रीनवूड (1680–1763) या डच कलावंताने 1720च्या दशकात ही पद्धत नावारूपाला आणली, आणि डेव्हिड वोल्फने (1732–1798) ती इतकी तलम केली की त्याचे चित्र पेल्यावर फुंकलेल्या वाफेसारखे भासते. या डच कलावंतांची पसंती इंग्लंडच्या शिसेयुक्त काचेला असे. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने 1674 मध्ये पेटंट घेतलेल्या प्रकारातली ही काच तुलनेने मऊ, त्यामुळे ठिपका टवका न उडता बसतो.

चाकाची पद्धत रत्ने कोरणाऱ्यांकडून आली. प्रागला सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या दरबारी असलेल्या कास्पर लेहमानने ती काचेवर नव्याने रुजवली. त्याच्या सहीचा 1605 सालचा पेला आजही आहे, आणि 1609 मध्ये सम्राटाने त्याला या कामाचा खास परवाना दिला. तांब्याच्या लहानमोठ्या चकत्या, त्यांवर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड. पेला चकतीच्या खालून दाबून धरतात, म्हणजे नेमकी कोरण्याची जागाच चकतीआड जाते. कारागिराला बोटांना जाणवणाऱ्या दाबावर आणि घासण्याच्या आवाजावर भिस्त ठेवावी लागते. सर्वांत खोल कोरलेला भाग पलीकडून पाहिला तर सर्वांत वर आलेला दिसतो. खड्ड्यातून गाल उभा राहतो, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही.

आम्लाने केलेले एचिंग, वाळूच्या झोताचे सँडब्लास्टिंग आणि आजचे लेसर यांनी काम झटपट होते. पण त्यांत दाट-विरळ ठरवणारा हात नसतो, म्हणून त्यांना या कलेत धरू नये.

विसाव्या शतकात ही कला खिडक्यांवर गेली. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री कॅथेड्रलच्या भव्य काचभिंतीवर (1962) जॉन हटन यांनी संत आणि देवदूत कोरले. एवढे तावदान चाकाखाली धरणार कसे? त्यांनी चाकच लवचीक दांड्याला जोडून काचेवर फिरवले.

ठिपक्यांची पद्धत पुन्हा जिवंत केली ती कवी लॉरेन्स व्हिसलर (1912–2000) यांनी. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील मोरटन गावच्या चर्चवर ऑक्टोबर 1940 मध्ये जर्मन बॉम्ब पडला आणि रंगीत खिडक्या गेल्या. 1955 ते 1984 या काळात व्हिसलर यांनी तिथल्या बारा खिडक्या बिनरंगी काचेत कोरल्या. कोरलेल्या चित्रातून बाहेरची खरी झाडे दिसतात आणि ऊन फिरेल तसे चित्र बदलते. तेरावी खिडकी त्यांनी येशूचा विश्वासघात करणाऱ्या ज्युडासची आखली होती: गळफास घेतलेला ज्युडास, हातातून पडणारी नाणी, आणि पडता पडता त्यांची होणारी फुले. चर्चने ती तेव्हा नाकारली. 2014 मध्ये ती अखेर बसवली गेली, पण मागे भिंत असलेल्या कोनाड्यात. आत बसलेल्यांना ती दिसत नाही. पाहायला बाहेर आवारात जावे लागते.