पुष्कळ म्हणजे किती? पर्ससीनच्या वादामागचा नीतिविचार

‘आपण नाय गेलो तरी तो जातलोच. मगे हप्तो कोण भरतलो?’ बंदीच्या महिन्यांत पर्ससीनची, म्हणजे मोठ्या घेराच्या जाळ्याने मासे पकडणारी, नौका बाहेर काढावी की नाही, यावर किनाऱ्यावर ऐकू येणारे हे उत्तर. उत्तर आजचे आहे, पण त्यामागचा वाद जुना आहे.

जे सगळ्यांनी केले तरी चालेल तेच करावे, हा विचार 1785 सालच्या कान्टच्या जर्मन ग्रंथातला. परिणाम बघा, एकूण सुख वाढते का ते मोजा, हा 1789 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या बेंथमच्या ग्रंथातला. या दुसऱ्या मताची मराठीत कसून तपासणी झाली ती 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्य’ या गीतेवरच्या भाष्यात. लिहिणारे लोकमान्य टिळक रत्नागिरीत जन्मलेले, लेखन मंडालेच्या तुरुंगातले. ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ हेच माप धरले, तर अकरा अक्षौहिणीवाल्या कौरवांपुढे सात अक्षौहिणींचे पांडव अन्यायी ठरतील, हा त्यातला आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो.

कोकणात हा ‘पुष्कळ’ शब्द खरा अडला तो राज्याच्या फेब्रुवारी 2016 च्या शासननिर्णयापाशी. पर्ससीनचे जाळे बांगड्या-तारल्याचा अख्खा थवा घेरते आणि खालून बटव्यासारखे आवळले जाते. या मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा उरली. नौकामालकांचा हिशोब सरळ होता: खलाशी, बर्फाचे कारखाने, ट्रकवाले, स्वस्त बांगडा खाणारी हजारो घरे, हेच पुष्कळ. पारंपरिक मच्छीमार विचारत होते, किनाऱ्यालगतचा मासा संपला तर पुढच्या हंगामातली माणसे कुठे मोजलीत? आणि जो मासा अजून अंडी घालायचा आहे, तो?

दोन्हीकडे पोट आहे, कर्ज आहे. तरी माझे मन रापणीकडे, म्हणजे काठावरून ओढायच्या सामाईक जाळ्याकडे, झुकते. मालवणच्या वाळूत दोन्ही दोर ओढत माणसे मागे मागे सरकतात, जाळे काठाला लागते आणि तिथेच वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. दोराला हात लावलेला म्हातारा कालवणापुरते मासे घेऊन घरी जातो. त्याचे बळ किती लागले, हे कुणी मोजत नाही. इथे न्याय कुणी शिकवावा लागत नाही, तो हाताच्या सवयीत आहे. नियमाने किंवा बेरजेने ही सवय लावता येईल, असे मला वाटत नाही.

2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे खेचून केलेल्या मासेमारीवर बंदी घातली. 2023 मध्ये राज्याने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवले, त्यात सरंगाही आला. तेव्हापासून हा पेच बाजारात, गिऱ्हाइकाच्या पिशवीपर्यंत पोचला आहे. तळहातात मावणारे सरंग्याचे पिल्लू कोळणीच्या टोपलीत आधीच मेलेले असते. ‘मी नाही घेतले तर दुसरा कुणीतरी नेईलच,’ असे म्हणत गिऱ्हाईक पैसे काढते.