पऱ्हाटीत लपलेली बेकारी

कोरोनानंतर 'देशातली बेकारी घटली' अशी बातमी आली, तेव्हा यवतमाळकडे पुण्या-मुंबईहून परतलेली पोरं पारावर बसून होती. आकडा खोटा नव्हता. केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात बेकारीचा दर २०१८-१९ मध्ये ५.८ टक्के होता, २०१९-२० मध्ये ४.८ झाला आणि २०२०-२१ मध्ये ४.२. ऐन मंदीत बेकारी कमी कशी झाली?

गोम व्याख्येत आहे. काम नाही, पण शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तोच बेकार. घरच्या शेतात एक पैसा न घेता राबणारा रोजगारातच धरला जातो.

समजा, सहा एकर कोरडवाहू पऱ्हाटी आहे. निंदण, डवरणी, फवारणी घरची तिघं करतात. कापूस होतो तीस क्विंटल, माणशी दहा. चाकणहून काम सुटलेला मुलगा घरी येतो. आता डवऱ्यामागं तो चालतो आणि बाप धुऱ्यावर बसतो. कापूस तीसच क्विंटल, माणशी साडेसात. चौथ्या माणसामुळे उत्पादनात पडलेली भर, म्हणजे त्याची सीमांत उत्पादकता, शून्य. यालाच छुपी बेकारी म्हणतात. कागदावर मात्र चौघंही कामावर. देशात शेतीवरच्या कामगारांचा वाटा त्या दोन वर्षांत ४२.५ वरून ४६.५ टक्क्यांवर गेला; जमीन होती तेवढीच. शहरात असं लपायला शेत नसतं, म्हणून एप्रिल-जून २०२० मध्ये तिथला साप्ताहिक दर, म्हणजे मागच्या आठवड्यातल्या कामावरून मोजलेला, सुमारे २१ टक्के दिसला.

अशा वेळी 'शनी आडवा आलाय' सांगून पोरांच्या बोटात अंगठ्या घालणारे फिरतात, त्यांचा मला राग येतो. मागणी पडली की बाराही राशींची पोरं एकाच आठवड्यात घरी येतात.

सगळ्यात मोठा फटका बसतो तो भूमिहीन बाईला. एरवी वेचणीला तिला बोलावणं यायचं. ओटीत कापूस भरत दिवस काढायचा, संध्याकाळी गाठोडं काट्यावर टांगायचं, किलोमागे पैसे घ्यायचे. आता परतलेला मुलगाच वेचतो. बोलावणं येत नाही, म्हणून तीही विचारणं सोडते. सर्वेक्षणवाल्याला सांगते, 'घरीच असतो जी.' झालं. बेकारीचा दर म्हणजे बेकारांना कामकरी अधिक बेकार यांच्या बेरजेनं भागणं. 'घरीच' म्हणणारी बाई अंशातही नाही आणि छेदातही नाही. तिची रोजी बुडाली, पण बेकारांत तिची मोजणीच झाली नाही.