मामा तलाव पाणथळ की नुसतं सिंचनाचं बांधकाम?

गोंदिया-भंडाऱ्याकडचा सारस दरवर्षी मोजला जातो आणि आकडा एक-दोनाने हलला तरी त्याची बातमी होते. तो ज्या मामा तलावाकाठी, म्हणजे माजी मालगुजारी तलावाकाठी, चरतो, तो तलाव कायद्याने पाणथळ आहे की नाही, याची चर्चा मात्र क्वचितच होते. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांना गेल्या काही वर्षांत महसूल आणि पाटबंधाऱ्यांचे कागद चाळावे लागतात, ते यामुळेच.

गोंड राजांच्या अमलात तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाने पाळी, म्हणजे मातीचे बांध, घातल्या, १८६० च्या दशकातल्या जमीन बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्यांना, मालकी दिली आणि गावाचा निस्तार (पाणी, चराई वगैरेंचे गावकऱ्यांचे वापराचे हक्क) वाजिब-उल-अर्ज या गावाच्या हक्कनोंदीत नोंदवला गेला. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत हे कुणाला नव्याने सांगायला नको. पुढची उलथापालथ मात्र फारशी कुणी नीट मांडत नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. निस्तारावर पाणीपट्टी कशी लागते, असं म्हणत गावं भांडत राहिली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. शंभर हेक्टरांपर्यंत भिजवणारे तलाव त्यांच्याकडे गेले, मोठे पाटबंधाऱ्यांकडे राहिले आणि मासेमारी ठेक्याने सहकारी संस्थांकडे गेली. पाण्याचा धनी एक आणि माशांचा दुसरा झाला. गाळ मात्र बेवारस राहिला.

तलावातलं जीवन बदललं ते याच काळात. ठेका म्हटला की उत्पन्न दाखवावं लागतं, म्हणून रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडलं जाऊ लागलं. १९५९ मध्ये देशात आणलेला गवत्या मासाही पुढे तलावांत पोचला. हा मासा पाण्यातलं गवतच खातो. हायड्रिलासारख्या वनस्पती गेल्या की मरळ, मागूर, वाम यांच्या पिल्लांना आडोसा उरत नाही. तरंगत्या पानांवर अंडी घालणाऱ्या कमळपक्ष्याची जागा जाते, आणि पाणवनस्पतींवर जगणाऱ्या बदकांना उतरायचं कारणच राहत नाही. गाळाने उथळ झालेल्या कडांना बेशरमाची झुडपं माजली. ही अमेरिका खंडातून आलेली झुडपं जनावरं तोंडाला लावत नाहीत, त्यामुळे ती हटतही नाहीत. ढिवरांना, म्हणजे इथल्या मासेमार समाजाला, हे सगळं जाळ्यात दिसत होतं. अभ्यासाच्या भाषेत ते यायला पुढची कित्येक वर्षं गेली.

आता मूळ वादाकडे. १९७१ च्या रामसर कराराने पाणथळीची व्याख्या मुद्दाम सैल ठेवली. त्यात नैसर्गिक आणि मानवनिर्मित, बारमाही आणि हंगामी असं सगळं बसतं, अगदी भातखाचरही. भारत १९८२ मध्ये करारात सामील झाला, पण देशात पाणथळीचे नियम आले ते २०१० मध्ये. त्या नियमांनी भातशेती आणि नदीचं मुख्य पात्र वगळलं. खाड्या आणि खारफुटीसाठी किनारपट्टीचे वेगळे नियम होतेच. तलाव मात्र आत होते, मानवनिर्मित असले तरी. २०१७ मध्ये हे नियम बदलले. खास सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा मत्स्यपालनासाठी बांधलेली जलाशयं पाणथळ नाहीत, असं त्यात आलं. भातशेती बाहेरच राहिली.

सारसाच्या बाजूने हे वाचून पाहावं. तो घरटं बांधतो धानाच्या बांध्यात, म्हणजे भातखाचरात, किंवा तलावाच्या उथळ कडेला, आणि चरतो याच दोन जागी. नियमाने नेमक्या दोन्ही जागा व्याख्येबाहेर ठेवल्या. सिंचनाची बाजू अगदीच पोकळ आहे असं नाही. प्रत्येक तलाव पाणथळ ठरला तर गाळ काढायला आणि पाळ दुरुस्त करायलाही परवानग्यांच्या मागे धावावं लागेल, ही भीती खरी आहे. बुडीत क्षेत्रात गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पेरणी, करणाऱ्या शेतकऱ्यालाही ती आहे. पण सगळा प्रश्न ‘खास सिंचनासाठी’ या शब्दांवर अडतो. मामा तलाव खास सिंचनासाठी कधी होता? त्यात गुरं पाणी पीत, माणसं अंघोळ करत, ढिवर मासे धरत, शिंगाडा लावत. वाजिब-उल-अर्जातल्या नोंदी हेच सांगतात, आणि माझ्या मते त्या नोंदी हा या तलावांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. अभ्यासकांनी त्या हाती घ्यायला उशीर केला.

दरम्यान दुसऱ्या रस्त्यानेही गोष्टी हलल्या. उपग्रहाच्या नकाशांवरून सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळी देशभरात मोजल्या गेल्या होत्या. २०१७ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जुन्या नियमांतल्या तत्त्वांचं संरक्षण दिलं. नवे नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आले. म्हणजे नकाशावर असलेला तलाव एका कागदाने आत आणि दुसऱ्याने बाहेर. विदर्भातून लोणारला २०२० मध्ये रामसरचा दर्जा मिळाला, पण ते उल्केने पाडलेलं खारं सरोवर. तिथे सिंचनाचा प्रश्नच नव्हता.

तळातलं काम मात्र कायद्यासाठी थांबलं नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायकांनी बेशरम उपटून, उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर तळ नांगरून स्थानिक पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर जगते आणि कोणता मासा तिच्यात अंडी घालतो, ही माहिती त्यांच्याकडचीच होती. अभ्यासकांनी ती लिहून घेतली. देशी मासे वाढले, पक्षी परतू लागले. तलावाचं सिंचन यामुळे कुठे अडलं नाही, हे वरच्या भीतीला दिलेलं बऱ्यापैकी उत्तर आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाणथळींची जागेवर जाऊन पडताळणी करून हद्दी आखायला सांगितलं. झाडीपट्टीत ही पडताळणी कोणत्या महिन्यात होते, यावर बरंच ठरेल. मे महिन्यात गेलं तर अर्ध्या तलावांत भेगाळलेला गाळ आणि चरणारी गुरं दिसतील आणि हद्द आत सरकेल. कार्तिकात गेलं तर पाणी कुठवर चढलं होतं, ते काठाने उभ्या देवधानावरून, म्हणजे रानभातावरून, कुणीही दाखवेल.