सडबरीच्या तळ्यांत डॅफ्नियाला परतायला इतका वेळ का लागला?

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, सडबरी इथे, 1883 मध्ये रेल्वेमार्ग टाकताना तांबे-निकेलचे खनिज सापडले. पहिली कित्येक दशके हे गंधकयुक्त खनिज उघड्यावर, लाकडांच्या थरावर रचून महिनोन्‌महिने धुमसत ठेवत. धूर जमिनीलगतच पसरे. झाडे गेली, माती वाहून गेली, उरला काळवंडलेला खडक. पुढे भट्ट्या आल्या, धुराडी आली, आणि 1960 च्या दशकात वर्षाला वीस लाख टनांहून अधिक सल्फर डायऑक्साइड हवेत जाऊ लागला. 1972 मध्ये 381 मीटर उंचीचे धुराडे उभे राहिले. त्याने शहराची हवा सुधारली. पण घाण कमी झाली नाही, लांब गेली इतकेच.

तळ्यांची अवस्था उघड झाली ती माशांमुळे. सडबरीच्या नैऋत्येला असलेल्या किलार्नीच्या डोंगरांतील तळ्यांमध्ये सोडलेले मासे नाहीसे होत होते. त्याचा माग काढताना रिचर्ड बीमिश आणि हॅरोल्ड हार्वी या शास्त्रज्ञांना पाण्यातले आम्ल सापडले. धुरातला सल्फर डायऑक्साइड पावसात मिसळून ते तळ्यांत उतरत होते. सडबरीजवळच्या क्लिअरवॉटर लेकचा सामू 1970 च्या दशकात सव्वाचारच्या आसपास होता. निरोगी तळ्यात तो सहाच्या वर असतो, आणि सामूचा एक अंक घसरला की आम्लता दहापट वाढते. त्यात भट्ट्यांतून उडालेले तांबे आणि निकेल.

उपाय सरळ वाटला: चुना टाका. 1973 मध्ये मिडल लेक आणि 1975 मध्ये हॅना लेक अशा रीतीने उदासीन करण्यात आले. सामू वर चढला, बरेचसे धातू तळाशी बसले. मग प्राणिप्लवक, म्हणजे शेवाळ खाऊन जगणारे आणि स्वतः माशांचे अन्न होणारे इवलेसे जीव, परत यायला हवे होते. कोपेपॉड नावाचे इवले कवचधारी जीव आले. डॅफ्निया, म्हणजे पाण्यातली पिसू म्हणून ओळखला जाणारा कवचधारी जीव, आणि तिचे भाऊबंद मात्र पुढची कित्येक वर्षे पुरते सावरले नाहीत. शास्त्रज्ञ नॉर्मन यान आणि सहकाऱ्यांनी या तळ्यांवर दशकानुदशके लक्ष ठेवले नसते, तर ही दोन गटांमधली तफावत कुणाच्या ध्यानात आली नसती. माझ्या मते चुन्याच्या प्रयोगाला फसलेला म्हणणे अन्याय आहे. आम्ल काढून टाकल्यावरच मागे काय उरले ते दिसले.

उरले होते तांबे. डॅफ्निया तांब्याला फार हळवी असते. पण पाण्यात तांबे किती, एवढ्यावर तिचे भवितव्य ठरत नाही. त्यातले मोकळे आयन किती, हे महत्त्वाचे. हे आयन जिवाच्या शरीराला चिकटून सोडियम शोषण्याची क्रिया बिघडवतात. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते त्याच जागांसाठी तांब्याशी झगडते. कुजलेल्या पानांतून आलेले सेंद्रिय द्रव्य तांब्याला धरून ठेवते. म्हणून कोऱ्या चहाच्या रंगाच्या तळ्यात जे प्रमाण सोसते, तेच नितळ, मऊ पाण्यात जीव घेऊ शकते. आम्लाने मारलेली तळी नेमकी नितळ असतात, कारण आम्लासोबत सेंद्रिय द्रव्यही कमी होते.

हे द्रव्य गेल्याने दुसरीही अडचण होते: या जिवांना घातक असे अतिनील किरण खोलवर शिरतात. 1986-87 च्या अवर्षणानंतर सडबरीजवळच्या स्वान लेकमध्ये याचा प्रत्यय आला. पाणथळ जागा कोरड्या पडल्याने तिथे साठलेल्या गंधकाचे ऑक्सिडीकरण झाले, पावसाबरोबर ते आम्ल होऊन तळ्यात उतरले आणि सावरू लागलेले तळे पुन्हा आम्लधर्मी झाले. त्याबरोबर सेंद्रिय द्रव्य घटले आणि अतिनील किरण खोल पोहोचू लागले.

दरम्यान कारखान्यांचे उत्सर्जन नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. क्लिअरवॉटरचा सामू चुन्याशिवायच सहाच्या पुढे गेला. पण सडबरीपासून दूर, ग्रॅनाइटवरच्या तळ्यांत वेगळाच पेच निर्माण झाला. आम्लवर्षेने तिथल्या मातीतला कॅल्शियम आधीच धुऊन नेला होता. पाऊस निवळला तेव्हा मातीतून पाण्यात उतरायला फारसा उरलाच नव्हता. डॅफ्निया वाढताना वारंवार कात टाकते आणि दरवेळी नव्या कवचासाठी पाण्यातून कॅल्शियम घेते. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या खाली तिचे प्रजोत्पादन रोडावते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तळ्यांच्या गाळाच्या थरांत डॅफ्नियाचे अवशेष घटत गेल्याचे दिसले, आणि त्यानंतर सामूच्या जोडीला कॅल्शियमचे आकडेही पाहणे भाग झाले.