9 जानेवारी 1952: 'द क्वाएट अमेरिकन'मागचे सायगॉन

ग्रॅहॅम ग्रीनच्या 'द क्वाएट अमेरिकन'चा परिचय बहुधा तीन नावांत आटोपतो. उतारवयाकडे झुकलेला ब्रिटिश बातमीदार फाउलर, नुकताच आलेला तरुण अमेरिकन पाइल आणि दोघांच्या मध्ये व्हिएतनामी तरुणी फुओंग. मग प्रेमाचा त्रिकोण पुढे राहतो आणि युद्ध मागच्या पडद्यासारखे उरते. अशा वाचनात कादंबरीवर अन्याय होतो. फाउलर पाइलचा घात का करतो, हा तिचा मध्यवर्ती प्रश्न आहे आणि त्याचे अर्धे उत्तर फ्रेंचांच्या अमलाखालच्या व्हिएतनाममधल्या सायगॉन शहरातल्या एका खऱ्या सकाळी दडलेले आहे.

ती सकाळ 9 जानेवारी 1952 ची. शहराच्या ऐन मध्यावर, दुकाने उघडी आणि रस्ते गजबजलेले असताना, उभ्या मोटारींत ठेवलेले दोन कालबाँब फुटले. एक नाट्यगृहासमोरच्या चौकात, कॉन्टिनेन्टल हॉटेलपासून हाकेच्या अंतरावर, तर दुसरा नगरपालिकेच्या इमारतीपुढे. बळी पडले ते मुख्यतः रस्त्यावरचे सामान्य लोक. अमेरिकन वृत्तपत्रांनी दुसऱ्या दिवशी हे कम्युनिस्टांचे कृत्य म्हणून छापले. जबाबदारी मात्र ट्रिन मिन्ह थे या कम्युनिस्टविरोधी सेनानीने स्वतः घेतली. कादंबरीतला जनरल थे तो हाच. ग्रीनने त्याचे नावसुद्धा बदललेले नाही.

हा माणूस कुठून आला हे कळायला थोडे मागे जावे लागते. जपान शरण गेल्यावर सप्टेंबर 1945 मध्ये दक्षिण व्हिएतनाममधल्या जपानी फौजांची शस्त्रे उतरवायला मेजर जनरल ग्रेसीच्या हाताखाली ब्रिटिशांची 20 वी इंडियन डिव्हिजन सायगॉनला उतरली. तिच्यात बहुसंख्य जवान हिंदी आणि गुरखा होते. ग्रेसीने तुरुंगातल्या फ्रेंच सैनिकांना मोकळे करून हत्यारे दिली आणि 23 सप्टेंबरला त्यांनी शहराचा ताबा परत घेतला. आपल्या जवानांना दुसऱ्यांचे स्वातंत्र्य चिरडायला वापरले जात आहे, असा निषेध नेहरूंनी तेव्हा केला होता. फ्रेंच परतले ते असे. 1946 च्या अखेरीपासून व्हिएतमिन्हशी, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालच्या आघाडीशी, उघड युद्ध जुंपले.

फ्रान्सने या युद्धासाठी सक्तीच्या भरतीतले सैनिक पाठवले नाहीत. लढत होते ते पेशाने सैनिक असलेले फ्रेंच, परदेशी भरतीची फॉरेन लिजन, मोरोक्को, अल्जेरिया व सेनेगलच्या पलटणी आणि स्थानिक फौजा. माणसे कायम कमी पडत. म्हणून दक्षिणेत फ्रेंचांनी धार्मिक पंथांच्या खासगी सैन्यांशी करार केले. काओ दाई हा त्यातला सर्वांत मोठा पंथ. 1926 मध्ये स्थापन झालेला, बुद्ध, कन्फ्यूशियस आणि ख्रिस्त यांना एकत्र मानणारा, व्हिक्टर ह्यूगोलाही संतांत बसवणारा. सायगॉनच्या वायव्येला सुमारे 100 किलोमीटरवर तायनिन्ह येथे त्यांचे मुख्य मंदिर आहे. 1947 च्या आरंभी फ्रेंचांशी समझोता झाला: शस्त्रे आणि पैसा फ्रेंचांचा, माणसे काओ दाईंची.

या व्यवस्थेतला दोष पहिल्यापासूनचा होता. सरकारी शस्त्रे घेतलेला सेनापती सरकारचा राहीलच याची हमी नव्हती. जून 1951 मध्ये काओ दाई सैन्यातला थे सुमारे दोन हजार माणसे घेऊन फुटला आणि तायनिन्हजवळच्या नुई बा देन डोंगराकडे गेला. फ्रेंच आणि व्हिएतमिन्ह दोघेही आपले शत्रू, अशी त्याची भूमिका होती. पुढच्याच महिन्यात 31 जुलैला सा देक येथे दक्षिणेतले फ्रेंच सेनानी जनरल शान्सों आणि व्हिएतनामी गव्हर्नर थाय लाप थान्ह बाँबस्फोटात मारले गेले. त्यामागे थेच असल्याचे फ्रेंचांनी धरले.

तायनिन्हचा रस्ता कादंबरीत येतो तोही खरा आहे. दर किलोमीटरला एक टेहळणी मनोरा, त्यात मूठभर पोरसवदा पहारेकरी. दिवसा रस्ता फ्रेंचांचा, अंधार पडला की व्हिएतमिन्हचा. प्रत्येक मनोरा एकटा पडलेला; शेजारच्याला मदत करायला रात्री बाहेर पडायचे म्हणजे मरण. म्हणून पेट्रोल संपलेल्या गाडीतले दोघे प्रतिस्पर्धी एका मनोऱ्यात रात्र काढतात आणि तिथेच राजकारण व फुओंग दोन्हींवर वाद घालतात. वसाहतीच्या बचावाची पद्धत माहीत असेल तर तो प्रसंग ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नाही.

आता अमेरिकनांकडे. मे 1950 मध्ये अमेरिकेने इंडोचायनासाठी (व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया) लष्करी मदत मंजूर केली. सुरुवात एक कोटी डॉलरपासून झाली आणि 1954 पर्यंत युद्धखर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भार अमेरिकेवर आला. लष्करी मदतीबरोबर आर्थिक मदतीचे पथकही सायगॉनला आले. फ्रेंचांना त्याचा संशय होता. आर्थिक मदतीच्या आडून ही माणसे आपली वसाहत पोखरणार, असे त्यांना वाटे. पाइल कादंबरीत याच पथकात नोकरीला आहे.

फ्रेंच वसाहतवाद नको आणि कम्युनिझमही नको, तर स्थानिक राष्ट्रवाद्यांतून 'तिसरी शक्ती' उभी करायची, ही कल्पना तेव्हा अमेरिकन वर्तुळात खरोखर चर्चेत होती. बेन त्रे प्रांतातून सायगॉनला परतताना मोटारीत बरोबर असलेल्या, मदत पथकातल्या एका अमेरिकनाने हीच कल्पना आपल्याला वाटभर समजावली आणि कादंबरीचे बीज तिथे पडले, असे ग्रीनने पुढे आत्मपर लेखनात सांगितले आहे. कल्पनेतली अडचण साधी होती. अशी शक्ती हाताशी तयार नव्हती. होते ते थेसारखे फुटीर सेनापती, आणि त्यांचे बळ मतांत नसून स्फोटकांत होते.

प्लास्टिक स्फोटकाचा तपशील कथानकाला जोडतो तो इथे. हे स्फोटक कणकेसारखे हवे तसे वळवता येते, साच्यात दाबता येते आणि डिटोनेटर लावल्याशिवाय सहसा उडत नाही. त्यामुळे ते लपवणे आणि नेणे सोपे. कादंबरीत ते खेळण्यांच्या प्लास्टिकच्या नावाखाली येते आणि सायकलच्या पंपाच्या साच्यातून त्याचे बाँब बनतात. सायकलींनी भरलेल्या शहरात पंपाकडे कोण बघणार! आधी सायकलबाँब, मग चौकातला मोठा स्फोट, हा क्रम ग्रीनने कथेसाठी लावला आहे. थेला स्फोटके अमेरिकनांनीच पुरवली, याचा निर्णायक कागदोपत्री पुरावा मात्र आजवर पुढे आलेला नाही. वाचताना ही रेषा लक्षात ठेवावी: थेचा हात खरा, अमेरिकन हात हा ग्रीनचा निष्कर्ष.

चौकातल्या स्फोटाच्या वेळी त्रिकोण आणि कट एकमेकांत गुंततात. फुओंग रोज त्याच सुमारास तिथल्या मिल्क बारमध्ये जाते. आज तिथे जाऊ नकोस, असे पाइलने तिला आधीच बजावलेले असते. फाउलरला हे कळते तेव्हा दोन गोष्टी एकदम कळतात. पाइलला स्फोट होणार हे ठाऊक होते, आणि फुओंगला वाचवणारा आपण नसून तो होता. यानंतर तो जे करतो ते मेलेल्यांसाठी की मत्सरापोटी, हे ग्रीन शेवटपर्यंत उलगडत नाही. कादंबरीची सगळी ताकद मला या न उलगडण्यात दिसते.

फुओंगच्या निवडीलाही वसाहतीचे अर्थकारण आहे. पियास्त्र या इंडोचायनाच्या चलनाचा सरकारी दर 17 फ्रँक होता, बाजारातला त्याच्या साधारण निम्मा. इथला पियास्त्र सरकारी दराने पॅरिसला पाठवता आला की पैसा दुप्पट. मे 1953 मध्ये दर 10 फ्रँकवर आणेपर्यंत हा व्यवहार चालू राहिला आणि सायगॉनचा झगमगाट त्यावरच पोसला गेला. शेजारच्या चोलोनमधला 'ग्राँ मोंद' हा जुगारअड्डा बिन्ह श्वेन या सशस्त्र टोळीच्या ताब्यात होता. फाउलर फुओंगला पहिल्यांदा तिथेच नाचताना पाहतो. अशा शहरात गोऱ्याशी लग्न म्हणजे मुलीला बाहेर पडायचा एकमेव भरवशाचा मार्ग, हे तिची बहीण ओळखून आहे. फाउलरची बायको घटस्फोट द्यायला तयार नाही. पाइल लग्न देऊ करतो. फुओंगच्या मौनाला निर्विकारपणा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

एक चूक वारंवार होते: पाइल म्हणजे सीआयएचा एडवर्ड लान्सडेल, असे छापले जाते. लान्सडेल सायगॉनच्या नेमणुकीवर आला जून 1954 मध्ये. ग्रीनने कादंबरी 1952 मध्येच लिहायला घेतली होती आणि ती डिसेंबर 1955 मध्ये प्रसिद्ध झाली. गोंधळ होतो कारण लान्सडेल नंतर थेला डोंगरात जाऊन भेटला आणि 1955 च्या आरंभी थे दक्षिण व्हिएतनामचा पंतप्रधान न्गो दिन्ह दिएमच्या बाजूला आला. 3 मे 1955 रोजी बिन्ह श्वेनविरुद्धच्या लढाईत थे मारला गेला. कादंबरी छापून आली तेव्हा तिच्यातला जनरल हयात नव्हता.

लान्सडेलचा खरा संबंध आला तो चित्रपटाशी. दिग्दर्शक जोसेफ मॅन्केविच यांनी पटकथा हाती घेतली तेव्हा मार्च 1956 मध्ये त्याने त्यांना पत्र लिहिले. स्फोट थेने केला आणि तसे जाहीरही केले, हे त्यात मान्य आहे. तरी चित्रपटात दोष कम्युनिस्टांवर दाखवायला हरकत नाही, असा सल्लाही त्यातच आहे. 1958 च्या चित्रपटात तसेच झाले: अमेरिकन निर्दोष ठरला, त्याचे प्लास्टिक खरोखर खेळण्यांचे निघाले आणि मत्सराने आंधळा झालेला फाउलर कम्युनिस्टांच्या जाळ्यात अडकला. शेवटी दक्षिण व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांचे आभारही मानले गेले. ग्रीन संतापला, आणि योग्यच संतापला. त्रिकोण तसाच ठेवून फक्त बाँबचा धनी बदलला, की फाउलर निव्वळ मत्सरी खुनी उरतो.

2002 च्या फिलिप नॉइस यांच्या चित्रपटात मायकेल केन फाउलर झाला, ब्रेंडन फ्रेझर पाइल आणि दो थी हाय येन फुओंग. चित्रीकरण बरेचसे व्हिएतनाममध्येच झाले. त्यात बाँबची जबाबदारी पुन्हा थे आणि पाइलवर आली. न्यूयॉर्कवरच्या 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर तयार चित्रपट वितरकांनी वर्षभर अडवून धरला होता.