जाहिरातीत एक, ताब्यात दुसरंच : महारेराकडे तक्रार करताना कुठे अडतं

फ्लॅट घेतलेल्यांच्या फायली जाडजूड असतात. नोंदणी झालेला करारनामा, इंडेक्स टू, बँकेचं मंजुरीपत्र, पावत्या, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावलेलं. मग मी विचारतो, "ब्रोशर कुठंय?" आणि समोरची माणसं एकमेकांकडे बघतात. सामान हलवताना ते रद्दीत गेलेलं असतं. जाहिरातीत दाखवलेला क्लबहाउस मिळाला नाही ही तक्रार खरी असते, पण तो दाखवला होता याचा कागद हातात नसतो. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, तक्रारीचा अर्ज भरायला लोकांना मदत करताना सगळ्यात जास्त वेळा मी हेच पाहिलं आहे, म्हणून आधी त्याबद्दलच.

रेरा कायद्याचं, म्हणजे 2016 च्या स्थावर संपदा कायद्याचं, कलम 12 आपल्या कामाचं आहे. जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅट बघून तुम्ही पैसे भरले, त्यातली माहिती खोटी निघाली आणि तुमचं नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. घरच नको असेल तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत मागता येते. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरवर (कर्जाच्या व्याजाचा बँकेचा पायाभूत दर) 2 टक्के असं धरतात. पण कलमाची मेख अशी की "जाहिरात बघून पैसे भरले" हे दाखवावं लागतं. म्हणजे जाहिरात आधीची आणि पावती नंतरची. दोन्हींवर तारीख हवी.

ब्रोशर हरवलं असेल तर हातपाय गाळू नका. त्याच इमारतीत बुकिंग केलेल्या शेजाऱ्यांना विचारा, कुणीतरी जपून ठेवलेलं असतं. वर्तमानपत्रातली जाहिरात असेल तर जुना अंक ग्रंथालयात मिळतो. बिल्डरच्या संकेतस्थळाचं जुनं पान वेबॅक मशीनवर, म्हणजे संकेतस्थळांची जुनी पानं साठवणाऱ्या साइटवर, सापडू शकतं. होर्डिंगचा फोटो मूळ फोनमधलाच ठेवा, कारण व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या फोटोत काढल्याची तारीख राहत नाही. एजंटचे मेसेज असतील तर त्या एजंटचा बिल्डरशी संबंध दाखवणारं काहीतरी जोडा, बुकिंग फॉर्मवरचं त्याचं नाव किंवा बिल्डरच्या ऑफिसातून त्याच्याबद्दल आलेला ई-मेल. नाहीतर "तो आमचा माणूस नाही" हे उत्तर ठरलेलं आहे.

दुसरी अडचण शब्दांची. "स्टेशन हाकेच्या अंतरावर", "निसर्गाच्या कुशीत", "आलिशान" यांवर तक्रार उभी राहत नाही. मोजता येईल असं काही हवं : क्षेत्रफळ, पार्किंग, पोहण्याचा तलाव, रस्त्याची रुंदी, लिफ्टची संख्या. क्षेत्रफळाचंच बघा. एका जोडप्याच्या जाहिरातीत 720 चौरस फूट होतं आणि करारनाम्यात 58.5 चौरस मीटर. फूट आणि मीटर वेगळे असल्यामुळे सही करताना कुणाच्या लक्षात आलं नाही. मी 10.764 ने गुणून दाखवलं, तर ते 630 फूट भरलं. उरलेले 90 फूट बाल्कनीचे. कायद्यातल्या कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळात, आतल्या भिंती धरतात, पण बाल्कनी, उघडी गच्ची आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत. बाई बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत राहिल्या.

त्यांची केस अवघड झाली ती करारावर सही झाल्यामुळे. करारात खरा आकडा लिहिलेला होता, आणि "हा करार आधीच्या सर्व बोलण्याची व कागदांची जागा घेतो" असं कलमही होतं. अशा कलमाने कायद्याने दिलेला हक्क संपत नाही, पण भांडण लांबतं. म्हणून कळकळीने सांगतो, जाहिरात आणि कराराचा मसुदा शेजारी ठेवून आकडे ताडून बघा, आणि तेही सहीच्या आधी. करार नोंदवण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, त्यामुळे त्या टप्प्यावर मागे फिरणं सोपं असतं.

तक्रार कोण करू शकतं? प्रकल्पात घर आरक्षित केलेला ग्राहक. जुना फ्लॅट त्याच्या मालकाकडून विकत घेतला असेल तर तो मालक रेराच्या अर्थाने बिल्डर नाही, त्याच्याविरुद्धची तक्रार इथे चालत नाही.

आता अर्जाचा नमुना. दुसऱ्या क्रमांकाची फजिती इथे होते. पैसे परत आणि व्याज हवं असेल तर नमुना अ, म्हणजे प्राधिकरणाकडे. नुकसानभरपाई हवी असेल तर नमुना ब, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या ॲडज्युडिकेटिंग ऑफिसरकडे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात ही विभागणी स्पष्ट केली. तरीही लोक एकाच अर्जात परतावा, व्याज, भाड्याचा खर्च आणि मनस्ताप सगळं मागतात आणि भरपाईचा भाग बाजूला पडतो. हा फरक संकेतस्थळावर साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिला तर किती लोकांचे महिने वाचतील! बाकी अर्ज ऑनलाइन आहे, शुल्क 5,000 रुपये, आणि प्रकल्पाचा महारेरा क्रमांक लागतो.

तो क्रमांक जाहिरातीवर छापणं बंधनकारक आहे, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही. कोड स्कॅन करून मंजूर नकाशा उघडा आणि ब्रोशरमधल्या नकाशाशी जुळवा. बाग दाखवलेली जागा बिल्डरच्या हद्दीत आहे का, ते तिथेच कळतं. त्या पानाची तारखेसह प्रिंट काढून ठेवा. पण क्रमांक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवली होती, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. घर घेणाऱ्यांनी नोंदणी क्रमांक बघूनच पैसे भरले होते. सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, खरी आहे का हे महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारायला एक दिवस जातो, तो घालवाच.

मुदतीबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे : "पाच वर्षं आहेत की." ती पाच वर्षं ताबा मिळाल्यापासून बांधकामातले दोष दुरुस्त करून घेण्यासाठी आहेत, गळती, तडे, निकृष्ट काम. जाहिरातीतल्या खोट्या माहितीशी त्यांचा संबंध नाही. तिथे जितका उशीर, तितका "इतकी वर्षं राहिलात, तेव्हा का बोलला नाहीत" हा प्रश्न जड होतो. फसवणूक लक्षात आल्या आल्या बिल्डरला लेखी पत्र पाठवा, स्पीड पोस्टाने, आणि पोचपावती फाइलला लावा. महारेराच्या सलोखा मंचाकडेही जाता येतं, मात्र तिथे बिल्डरची तयारी लागते.

निकाल विरोधात गेला तर आदेशाची प्रत हातात पडल्यापासून 60 दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. निकाल बाजूने लागूनही बिल्डरने पैसे दिले नाहीत तर वसुलीसाठी पुन्हा महारेराकडेच अर्ज करायचा. वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. वॉरंट निघालं की लोक पेढे वाटतात. तेवढ्यावर थांबू नका. बिल्डरच्या नावावरच्या जमिनी आणि न विकलेल्या फ्लॅटची यादी स्वतः काढा, सातबारा आणि महारेराच्या पानाची प्रिंट जोडा, आणि ती तहसील कार्यालयात देऊन आवक क्रमांक लिहून घ्या.