कॉम्प्रेसर ओरडतो, दुखतं पाण्याला

दुपारी अडीचला चिलर, म्हणजे इमारतीच्या एसीसाठी पाणी गार करणारं मशीन, बंद पडला. पॅनेलवर लाल दिवा आणि खाली एक ओळ: 'कॉम्प्रेसर - हाय डिस्चार्ज प्रेशर'. ऑपरेटरने थोडा वेळ थांबून रीसेट दाबला, मशीन सुरू झालं, साडेतीनला पुन्हा तेच. तिसऱ्या ट्रिपनंतर मला फोन आला. "सर, कॉम्प्रेसर गेला बहुतेक."

गेला नव्हता. गेला असता तर एवढं प्रेशर चढवूच शकला नसता! आतून झिजलेल्या कॉम्प्रेसरची तक्रार उलटी असते, त्याला दाब तयारच करता येत नाही.

चिलर थंडी 'बनवत' नाही, उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन टाकतो. इमारतीत फिरून साधारण १२ अंश सेल्सिअसला परतलेलं पाणी इव्हॅपोरेटरमध्ये ७ अंशांपर्यंत गार होतं. त्या पाण्याची उष्णता घेऊन आतला गॅस उकळतो (रेफ्रिजरंटला प्लांट रूममध्ये सगळे गॅसच म्हणतात, मग तो द्रव का असेना). कॉम्प्रेसर ती वाफ दाबून कंडेन्सरमध्ये ढकलतो. तिथे कूलिंग टॉवरहून (हवेच्या झोतात पाणी गार करणाऱ्या मनोऱ्यातून) आलेलं पाणी तिची उष्णता काढून घेतं, वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून तो इव्हॅपोरेटरकडे परततो.

आता यातली खरी गंमत. बंद भांड्यात एखादा शुद्ध द्रव आणि त्याचीच वाफ एकत्र असली, की दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात. एक कळलं की दुसरं कोष्टकातून वाचता येतं. आर-१३४ए हा गॅस घ्या. ५ अंशांना गेजवर जेमतेम अडीच बार दिसतील, ३८ अंशांना सुमारे साडेआठ, ५० अंशांना बाराच्या थोडं वर. म्हणजे कंडेन्सरवरचा प्रेशर गेज हा वेश बदललेला थर्मामीटर आहे. 'हाय प्रेशर' या अलार्मचा अर्थ बहुतेकदा एवढाच, की कंडेन्सरमधली उष्णता बाहेर पडत नाहीये. दाब कॉम्प्रेसरच्या तोंडाशी मोजला जातो म्हणून नाव त्याचं येतं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, हा प्रकार प्लांट रूममध्ये रोज घडतो.

मग उष्णता अडते कुठे? त्यासाठी तीन आकडे पुरतात: कंडेन्सरमध्ये शिरणाऱ्या पाण्याचं तापमान, बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान आणि गेजवरून कोष्टकात काढलेलं गॅसचं तापमान. शिरणारं पाणीच नेहमीपेक्षा गरम असेल तर टॉवरकडे जा. पंखा बंद असेल, नोझल तुंबले असतील. शिरणारं पाणी ठीक आहे, पण आत-बाहेरच्या पाण्यात एरवी पूर्ण भाराला दिसणारा ५-६ अंशांचा फरक फुगलाय? तर पाणी कमी वाहतंय. आणि हे दोन्ही नीट असून गॅसचं तापमान बाहेर पडणाऱ्या पाण्यापेक्षा खूपच वर असेल, तर दोष त्या दोघांच्या मधल्या भिंतीत, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या ट्यूबमध्ये शोधायचा. या शेवटच्या फरकाला ॲप्रोच म्हणतात. स्वच्छ मशीनमध्ये तो एक ते तीन अंशांच्या आसपास असतो. लॉगबुकात मला एकच रकाना भरायची मुभा दिली, तर मी हाच भरीन.

ॲप्रोच वाढवणारा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे क्षार. साखर किंवा मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं, पण कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं असतं. पाणी जितकं गरम, तितकं ते कमी विरघळतं. त्यामुळे पाण्यातला चुना नेमका सगळ्यात गरम जागी, म्हणजे कंडेन्सरच्या ट्यूबच्या आतल्या अंगाला, बाहेर येऊन बसतो. त्यात टॉवरमध्ये पाण्याची वाफ उडून जाते आणि क्षार मात्र मागेच राहतात, त्यामुळे उरलेलं पाणी दिवसेंदिवस दाट होत जातं. तांब्याच्या तुलनेत हा थर उष्णता शंभर पटींहूनही वाईट वाहतो. नखाने खरवडता येईल इतका पातळ पापुद्रा दिसायला काहीच नसतो, पण त्यामागे गॅसला चार-पाच अंश जास्त तापावं लागतं.

दुसरा संशयित हवा. ती आत शिरली की कंडेन्सरमध्ये अडकते, कारण ती तिथल्या तापमानाला द्रवरूप होत नाही, आणि स्वतःचा दाब गॅसच्या दाबात मिळवते. डाल्टनचा नियम शाळेत पाठ करून जो आपण विसरतो, तो इथे कामाला येतो. चुना की हवा, हे ओळखायची युक्ती सुंदर आहे. मशीन बंद करायचं, कंडेन्सरमधलं पाणी फिरतं ठेवायचं आणि सगळं एका तापमानाला येऊ द्यायचं. आता चुन्याची भिंत असो-नसो, गॅसचं तापमान पाण्याइतकंच असणार. तरीही गेज कोष्टकापेक्षा वर असेल, तर तो जादा दाब हवेचा.

लो प्रेशरच्या, म्हणजे इव्हॅपोरेटरमधला दाब घटल्याच्या अलार्मवर मात्र सगळ्यांचं एकच औषध ठरलेलं: गॅस भरा. मला हे अजिबात पटत नाही. गॅस कमी झाला असेलही, पण मग तो गेला कुठे ते आधी शोधा. गॅस वापराने संपत नाही, गळतो. कितीदा तरी ड्रायर (द्रव गॅसमधला ओलावा टिपणारी गाळणी) तुंबलेला असतो. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पाइपला हात लावा. पुढचा पाइप स्पष्ट गार लागला तर द्रव तिथेच अडून दाब गमावतोय. आणि चिल्ड वॉटरचा, म्हणजे इमारतीत फिरणाऱ्या गार पाण्याचा प्रवाह घटला तरी हाच अलार्म येतो, कारण उकळायला पुरेशी उष्णताच मिळत नाही. हा अलार्म पुन्हापुन्हा रीसेट करणं सगळ्यात धोक्याचं. आर-१३४एचा दाब दोन बारच्या खाली गेला की तो शून्य अंशाला टेकलेला असतो. ट्यूबमध्ये पाणी गोठलं, ट्यूब फुटली, की पाणी थेट गॅसच्या वाटेत शिरतं.

कॉम्प्रेसरच्या वंगणाच्या तेलाचा अलार्म बहुधा लांब सुट्टीनंतर येतो. थंड तेलात गॅस मुरतो; मशीन सुरू होताच दाब घसरतो आणि सोड्याची बाटली उघडावी तसं तेल फसफसतं. पंपाच्या तोंडी फेस येतो, फेसाने दाब बनत नाही. म्हणून मशीन बंद असतानाही तेलाचा हीटर चालू ठेवायचा असतो, आणि नेमका तोच कोणीतरी वीज वाचवायला बंद केलेला असतो. मोटरच्या अलार्मबद्दल एकच सांगतो. थेट सुरू होणारी मोटर त्या क्षणी नेहमीच्या पाच-सात पट करंट खेचते. तो सगळा वाइंडिंगला तापवतो. पाच मिनिटांत तीनदा रीसेट म्हणजे तीनदा चटका.

तर त्या दुपारच्या चिलरकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा मशीन निम्म्या भारावर निवांत चाललं होतं, गेज बिनतक्रार. पण पाण्याचे आकडे बोलत होते. आत ३० अंश, बाहेर ३८. निम्म्या भाराला अडीच-तीन अंशांचा फरक हवा, तिथे आठ. म्हणजे पाणी ठरलेल्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच वाहत होतं. दुपारी पूर्ण भार आला की हाच फरक सोळावर जाणार, बाहेरचं पाणी ४६ अंश, गॅस ४९च्या पुढे. आणि त्या मशीनचा कटआउट, म्हणजे ज्या दाबाला ते आपोआप बंद पडतं तो आकडा, लावलेला होता १२ बारवर.

प्रवाह कमी झाल्यावर ओरडायचं काम फ्लो स्विचचं. त्याचं पातं शेवाळाच्या चिकट्यात 'पाणी आहे' याच स्थितीत रुतून बसलं होतं. पंप थांबवून स्ट्रेनर, म्हणजे पाण्याच्या पाइपमधली गाळणी, उघडला. जाळीवर हिरवट-काळा गाळ, आणि त्यात टॉवरच्या फिलचे (पाणी ज्यावर पसरतं त्या पत्र्यांचे) प्लास्टिकचे तुकडे, बोटभर लांबीचे, एकमेकांत अडकलेले. घमेलं भरलं. जाळी धुऊन बसवली, पातं मोकळं केलं, पंप लावला. मशीन निम्म्या भाराला आलं तेव्हा बाहेरचं पाणी ३३ अंशांच्या जरा खाली होतं. दुपारी अडीचला ऑपरेटर आणि मी, दोघेही गेजसमोर उभे होतो. काटा नऊच्या खाली थांबला.